जाल-विश्लेषण आणि सोपाऱ्याशी निगडित दानलेख

वसई तालुक्यातील गास गावाजवळचे नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला.

या बंदराचे संबंध कोठवर पोहोचले होते, हे जाल-विश्लेषणाने तपासता येते. या पद्धतीत प्रत्येक स्थळ हा बिंदू आणि लेखात नोंदलेला प्रत्येक संबंध हा दुवा मानतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेला आहे. कान्हेरीत सोपाऱ्याच्या नागपालित मणिकाराने पाण्याचे टाके दिले. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने शूर्पारकातील आपल्या दानांची नोंद कोरविली आहे. तीन लेख, तीन दुवे. एवढे काम वहीतही होते. लेख शेकड्यांनी असले की संगणक लागतो.

मात्र हे तिन्ही लेख सोपाऱ्याबाहेरच्या कातळात कोरलेले आहेत. सोपाऱ्यास लेण्यांसारख्या कातळभिंती नव्हत्या. स्तूप विटांचा, वस्ती सखल किनाऱ्यावरची. कान्हेरीत मात्र शंभराच्या आसपास लेख टिकून राहिले. अशा वेळी केवळ दुवे मोजून कान्हेरीला सोपाऱ्याहून मोठे केंद्र ठरविणे म्हणजे गावांचे महत्त्व न मोजता कातळाचा टिकाऊपणा मोजणे होय. संगणक ही चूक दाखवून देत नाही. उलट ती सुबक आकृतीत मांडतो.

स्वाध्याय : दात्याचे गाव, दानाचे स्थळ आणि लेख कोरलेले ठिकाण यांसाठी तीन स्वतंत्र रकाने का ठेवावेत, ते उषवदाताच्या लेखाच्या आधारे स्पष्ट करा.