आधी मेन स्विच, मग ड्रिल

प्रश्न : मुलाने १८ व्होल्टचं कॉर्डलेस हॅमर ड्रिल घेऊन दिलं आहे. चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरात त्याने भराभर भोकं पडली. ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मात्र अर्ध्या इंचावर अडून बसलं आणि बिटातून धूर निघाला. यंत्र बिघडलं का? आणि शेजारी म्हणतात, बॅटरीच्या यंत्राने शॉक बसूच शकत नाही. हे खरं मानू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शेजाऱ्यांचं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी ते.

१८ व्होल्टच्या बॅटरीचा शॉक तुम्हाला बसणार नाही. पण भिंतीत २३० व्होल्टच्या तारा आहेत, त्यांचं काय? बिट पोलादी, चक बहुधा धातूचा, मागचा गिअरबॉक्सही अनेकदा धातूचा. बिट चालू तारेत घुसलं की तारेतला करंट या सगळ्या धातूपर्यंत येऊ शकतो. जोर लावायला डावा हात चकाच्या मागे टेकवायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. एक हात मागच्या मुठीवर आणि दुसरा सोबत आलेल्या आडव्या हँडलवर, दोन्ही रबर-प्लास्टिकवर, धातूला कुठेही स्पर्श नाही.

आता तुमच्या यंत्राचा खरा फायदा सांगतो, जो विकत घेणारे बहुतेक लोक वापरतच नाहीत. वायरच्या ड्रिलला घरातली वीज चालू ठेवावीच लागते. तुमच्या ड्रिलला लागत नाही. दिवसाउजेडी घराचा मेन स्विच बंद करा आणि मेन स्विचच्या पुढच्या तारांत करंट नसताना निवांत भोक पाडा. वायरचा गुंता नाही, लांब एक्स्टेन्शन बोर्ड नाही, हे फायदे मला याच्यापुढे किरकोळ वाटतात. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला विसरू नका. नाहीतर मेन पडूनही पंख्या-दिव्यांच्या तारा चालू राहतात. शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असेल तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर मेन चालू ठेवणं म्हणजे हेल्मेट आहे म्हणून सिग्नल तोडण्यासारखं झालं.

वीज बंद असली तरी तार तुटू शकतेच. म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक पाडायचं टाळा. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघा. हॉलमधल्या फोटोमागे बाथरूमचा गिझर आणि त्याची पाइपलाइन निघणं नवीन नाही. काम झाल्यावर मेन चालू करताच एमसीबी पडला, तर तो पुन्हापुन्हा वर करत बसू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तोवर त्या भोकात स्क्रू ठोकून ते बुजवू नका.

आता धूर. ड्रिल उलट्या दिशेने तर फिरत नव्हतं ना, हे सर्वांत आधी बघा. ट्रिगरच्या वरचा खटका चुकून दुसरीकडे ढकललेला असला की बिट कापत नाही, नुसतं घासून लाल होतं. हसू नका, अशा तक्रारींत हे फार सापडतं. मग चकाजवळची रिंग हातोड्याच्या चिन्हावर आहे का ते बघा आणि गिअर २ वर ठेवा.

एवढं करूनही अडलं तर दोष यंत्राचा नाही, भिंतीचा आहे. कोकणातली जुनी घरं जांभ्याची. जांभा मऊ आणि सच्छिद्र. त्यात बिट सहज शिरतं, उलट भोक हवं त्यापेक्षा मोठं होऊन स्क्रूची गिट्टी सैल बसते. ठाणे-पुण्याच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मात्र विटा नसतातच. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात. बांधकामवाले त्याला मायवान म्हणतात. आत खडी आणि सळ्या. शिवाय विजेचे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच सळ्यांना बांधलेले असल्याने ते तिरकेही गेलेले असू शकतात. म्हणून अशा घरात मेन स्विचचा नियम दुप्पट कडक पाळा.

तुमच्या ड्रिलमध्ये ‘हातोडा’ कसा तयार होतो तेही बघा. आत दोन दातेरी चकत्या असतात. त्या दाबाखाली एकमेकींवरून फिरताना दात दातांवर चढतात आणि उतरतात, त्यातून ठोके निघतात. मिनिटाला २५,०००च्या वर ठोके, पण प्रत्येक अगदी हलका. विटेला तेवढे पुरतात, काँक्रीटमधल्या खडीला नाही. खडी फोडायला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोकणाऱ्या दांड्याला पुढे फेकते. ठोके मिनिटाला साधारण ४,००० ते ५,००० एवढेच, पण एकेक दणकट. त्याचं खाचा असलेलं बिट चकात आवळायचं नसतं, एसडीएस सॉकेटमध्ये खटकन बसतं. जर्मनीतल्या बॉशने ही रचना १९७५च्या सुमारास आणली. एक फरक लक्षात ठेवा : तुमच्या ड्रिलला ठोके देण्यासाठी अंगाचा रेटा लागतो, रोटरी हॅमरला फक्त धरून ठेवावं लागतं.

मायवानच्या भिंतीत दोन-चारच भोकं हवी असतील तर आधी ४ मिलिमीटरचं आणि मग ६चं बिट लावून बघा. दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून भुकटी झटका. तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका. टोकाचा कार्बाइडचा तुकडा सांध्यातून सुटतो. सळी लागली तर तिथेच थांबून भोक दोन इंच सरकवा. आणि जास्त भोकं असतील तर रोटरी हॅमर घेऊन येणाऱ्या माणसाला बोलवा. यंत्रावर रागावून दुसरं मोठं यंत्र घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रश्न : चकाजवळच्या रिंगवर १ ते २० आकडे आहेत. भोक पाडताना छोटा आकडा ठेवला तर मनगटाला हिसका कमी बसेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. हा गैरसमज मनगट मुरगळेपर्यंत टिकतो. ते आकडे फक्त स्क्रू आवळण्यासाठी आहेत. ठरलेला जोर झाला की क्लच सुटतो, कट-कट आवाज येतो आणि स्क्रूचं डोकं वाचतं. रिंग ड्रिलच्या किंवा हातोड्याच्या चिन्हावर नेली की हा क्लच बाजूलाच होतो. बिट अडकलं की मोटरचा सगळा पीळ तुमच्या हातात येतो. चांगल्या १८ व्होल्ट यंत्राचा पीळ ५० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. हात २५ सेंटिमीटरवर असेल तर जवळपास २० किलोचा झटका. म्हणूनच ते आडवं हँडल, जे बहुतेक घरांत खोक्यातून बाहेरच येत नाही. स्टुलावर चढून एका हाताने ड्रिल आणि दुसऱ्या हाताने खिडकीचा गज, हे तर करूच नका.

बिट बदलताना बॅटरी काढून ठेवा. चक हाताने पकडून ट्रिगर दाबायचा आणि बिट आवळायचं, ही युक्ती दुकानातली पोरंही करतात. कातडी सोलून निघायला तेवढं पुरतं. ओढणी, मफलर, सैल बाही, मोकळे केस आणि सुती हातमोजे फिरत्या बिटापासून लांब. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला एन-९५ मास्क हवाच. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. भोकातली भुकटी तोंडाने फुंकू नका, ती सरळ डोळ्यांत येते.

टाइलवर हातोडा बंद, गिअर १, भाल्याच्या टोकाचं बिट आणि खाली चिकटपट्टी. टाइल पार झाली की थांबा, बिट बदला आणि मगच हातोडा चालू करा.

प्रश्न : उन्हाळ्यात माझ्या ड्रिलची बॅटरी चार्जच होत नाही, लाल दिवा लुकलुकतो. दुकानदार म्हणतो पूर्ण उतरवून मग लावा. देखभाल कशी करावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दुकानदाराचा सल्ला जुन्या काळचा. ब्लॅक अँड डेकरने १९६१मध्ये पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं, ते निकेल-कॅडमिअमचं होतं, आणि तशा बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरवायची पद्धत होती. आताच्या लिथियम-आयनला तसं रिकामं करणं उलट मारक आहे. ड्रिलचा जोर कमी वाटला की काढून चार्ज करा.

तुमचा लाल दिवा मात्र शहाणा आहे. ४० अंशांच्या पुढे बहुतेक चार्जर चार्जिंग रोखून धरतात, आणि मे महिन्यात नागपूरची दुपार त्याच्या सहज वर असते. काम संपताच गरम बॅटरी चार्जरवर ठेवू नका. अर्धा तास सावलीत राहू द्या किंवा सकाळी चार्ज करा. उन्हात उभ्या गाडीत तर बॅटरी कधीच नको. महिनोन्महिने ठेवायची असेल तर निम्मी भरलेली, यंत्रातून काढून. सुट्या स्क्रूंच्या डब्यात टाकू नका. दोन टोकं जोडली गेली तर आग लागते. फुगलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही द्यायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला द्या.

बाकी देखभाल थोडीच. मोटरच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. थिनर-पेट्रोल नको, प्लास्टिक तडकतं. छताला भोक पाडून झालं की चक खाली करून झटका, नाहीतर भुकटी जबड्यांत शिरून ते अडकतात. कागदी कपाच्या तळाला भोक पाडून तो बिटावर चढवला तर धूळ त्यातच राहते. गिअरबॉक्सला तेल घालू नका, ग्रीस आत भरलेलं असतं. ब्रशवाली मोटर असेल आणि ठिणग्या वाढल्या तर कार्बन ब्रश बदलून घ्या. गॅसचा वास येत असताना मात्र कुठलंच यंत्र चालू करायचं नाही.

प्रश्न : मस्कतहून सुटीवर येताना ड्रिल विमानात आणता येईल का?
– एक वाचक, मस्कत

उत्तर : ड्रिल आणि बिटं चेक-इन सामानात, सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-तास, १००च्या आत आहे. त्याच्या वर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते. बॅटरीच्या टोकांना टेप लावा.