कॉफीचे दाणे घरीं भाजणें

अणदूरच्या शिवारांत आगटींत हुरडा भाजणारा शेतकरी कणीस केव्हां काढावें हें नाकानेंच ओळखतो. विदर्भांत चिखलदऱ्यास कॉफी पिकते. तिचे कच्चे दाणे भाजतांना हेंच ज्ञान उपयोगी पडतें. लोखंडी कढईंत मध्यम आंचेवर दाणे सतत हालवावे. प्रथम वाळल्या गवताचा वास येतो. दाणे पिवळे पडतांच भाजल्या धान्याचा. पुढें ते तांबूस होऊन, सुमारें २०० सेंटिग्रेड अंशांस, लाह्यांप्रमाणें तडतडतात. ही तडतड ओसरतांच कढई उतरावी. दुसरी, बारीक तडतड होऊं दिल्यास तेल वर येतें, कडूपणा वाढतो व सुगंध धुरावाटे जातो. दाणे सुपांत पाखडून त्वरित निववावे. फोलपटेंही उडून जातात. दुसरे दिवशीं दळावे. या कामीं घड्याळापेक्षां कानावर भिस्त ठेवावी.