दूरच्या पल्ल्याचे सायकलपटू : एक पूरक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी भूगोल, गणित व शरीरशास्त्र यांचा समन्वय)

उद्देश

सायकल ही खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाची वस्तू आहे. परिचित वस्तूवरून अपरिचित विषयाकडे जाणे हा अध्यापनाचा जुना व निर्वेध मार्ग होय. प्रस्तुत पाठात सायकलपटूंच्या जीवनक्रमावरून तीन विषयांचा अभ्यास साधावयाचा आहे. त्याचबरोबर ‘यश कशास म्हणावे?’ हा प्रश्नही मुलांपुढे ठेवावयाचा आहे. या शेवटच्या प्रश्नास पाठात सर्वांत अधिक महत्त्व द्यावे.

विषयप्रवेश

सायकलच्या शर्यतींचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला बंदिस्त वर्तुळाकार मार्गावरील शर्यतींचा. हा मार्ग वळणावर बशीच्या काठाप्रमाणे आतल्या बाजूस उतरता केलेला असतो, कारण वेगाने वळणारा स्वार सपाट जमिनीवर बाहेरच्या बाजूस घसरण्याचा संभव असतो. या शर्यतीच्या सायकलीस ब्रेक नसतो. चाक फिरते तोवर पायटेही फिरत राहतात. दुसरा प्रकार उघड्या रस्त्यावरील शर्यतींचा. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तीत अलीकडे २१ टप्प्यांत सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर कापले जाते व प्रत्येक टप्प्यानंतर स्वारास रात्रीची झोप मिळते. असे सायकलपटू संघाकडून वेतन घेतात. सायकल चालविणे हाच त्यांचा व्यवसाय असतो.

याहून कठीण अशी आणखी एक जात आहे. तीत घड्याळ एकदा सुरू झाले की शर्यत संपेपर्यंत थांबत नाही. स्वार झोपला तरी वेळ मोजला जातोच. अमेरिका खंड ओलांडणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही या जातीची शर्यत होय. १९८२ साली ती प्रथम झाली तेव्हा केवळ चार स्वार उतरले होते व लॉन हॅल्डमन हा पहिला आला. या शर्यतीत महाराष्ट्रातील स्वारांनी जे केले, तो या पाठाचा मुख्य विषय आहे.

विषयविवेचन

ही शर्यत पॅसिफिक महासागराच्या काठी कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे सुरू होते; या पाठातील स्वारांच्या वेळी ती अटलांटिक किनाऱ्याकडील ॲनापोलिस येथे संपत असे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्या स्वारास साधारणतः १२ दिवसांची, तर आळीपाळीने चालविणाऱ्या संघास ९ दिवसांची मुदत असते. मुदत टळल्यास, कितीही अंतर कापले असले तरी, शर्यत पूर्ण केल्याची नोंद होत नाही.

२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ही शर्यत मुदतीच्या आत पूर्ण केली. एक भाऊ रस्त्यावर, तर दुसरा गाडीत विश्रांती घेत असलेला, असा हा क्रम अहोरात्र चालला. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय होत.

पुढील वर्षी, म्हणजे २०१६ साली, सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे एकटे उतरले. परंतु त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली. २०१७ साली ते पुन्हा त्याच प्रारंभरेषेवर उभे राहिले आणि या वेळी १२ दिवसांच्या आत ॲनापोलिसला पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून काही तासांच्या अंतराने नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही पोहोचले. डॉ. समर्थ यांनी २०१८ साली रशियातील मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही १५ टप्प्यांची, सुमारे ९,१०० किलोमीटरची शर्यतही पूर्ण केली.

हे चौघेही वेतन घेणारे सायकलपटू नव्हते. ते वैद्यकीय व्यवसायातील होते. आपले काम सांभाळून त्यांनी सरावासाठी वेळ काढला, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी.

भूगोल : नकाशावर मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे दाखवावा. प्रथम वाळवंट व तेथील प्रखर ऊन. नंतर रॉकी पर्वत, तेथील वुल्फ क्रीक खिंड सुमारे ३,३०० मीटर उंचीवर आहे. आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ही खिंड त्याच्या दुप्पट उंच. त्यापुढे कॅन्ससची सपाट मैदाने, मिसिसिपी नदी व शेवटी अपालाचियन पर्वत. अंगाची लाही होणारे ऊन व हाडे गोठविणारी थंडी या दोहोंशी स्वाराची गाठ एकाच प्रवासात पडते.

गणित : ४,८०० किलोमीटर १२ दिवसांत, तर रोज किती? उत्तर ४०० किलोमीटर. औरंगपुऱ्यातून निघून मुंबईस जाण्याचे अंतर सुमारे ३३५ किलोमीटर आहे. त्याहून अधिक अंतर बारा दिवस, रोज! चोवीस तासांपैकी चार तास झोप, जेवण व इतर कामांत गेले, तर दर ताशी सरासरी वेग किती ठेवावा लागेल? उत्तर २० किलोमीटर. वेग फार नाही, हे मुलांना चटकन कळेल. कठीण आहे ते तो सोडू न देणे.

शरीरशास्त्र : पुढे वाकून मान वर धरून दिवसेंदिवस बसल्याने मानेचे स्नायू इतके थकतात की स्वारास डोके वर धरता येत नाही. १९८३ सालच्या शर्यतीत मायकेल शर्मर यांना हा त्रास झाला; त्यांच्यावरूनच या विकारास नाव पडले. झोपेच्या अभावी भासही होऊ लागतात. म्हणून मदतनिसांची तुकडी गाडीतून मागोमाग चालते. स्वाराने काय खावे, किती पाणी प्यावे व केव्हा झोपावे, हे ती ठरविते. मुलांनी पुरेशी झोप घ्यावी व मोठ्यांच्या देखरेखीशिवाय मोठ्या रस्त्यावर सायकल नेऊ नये, हे येथे आवर्जून सांगावे.

शिक्षकांसाठी विचार

या चौघांपैकी कोणी शर्यतीत पहिले आले म्हणून त्यांचे नाव झाले नाही. मुदतीच्या आत ते शेवटपर्यंत पोहोचले, हेच त्यांचे यश. आपल्या शाळांत मात्र पहिल्या क्रमांकाचेच कौतुक होते. चाळीस मुलांच्या वर्गात एकाचे कौतुक झाले, तर एकोणचाळीस मुले आपण हरलो असे समजून घरी जातात. त्यांतील काही पुढे शाळेतच येईनाशी होतात.

दुसरी गोष्ट २०१६ सालाची. एकदा अर्धवट राहिलेले काम म्हणजे कायमचे अपयश नव्हे. वाचनात मागे पडलेल्या मुलास ‘यास जमणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याचे नेमके कोठे अडले, हे शिक्षकाने पाहावे आणि त्यास पुन्हा प्रारंभरेषेवर उभे करावे. स्वारामागे मदतनिसांची गाडी असते; मुलामागे शिक्षक असावा.

स्वाध्याय

१. घर ते शाळा हे अंतर रोज दोनदा चालल्यास वर्षाच्या २२० दिवसांत किती किलोमीटर होतील, ते प्रत्येकाने काढावे.
२. महाजन बंधूंनी काम वाटून घेतले. वर्गातील कोणते काम दोघांनी आळीपाळीने करता येईल?
३. आपण एकदा सोडून दिलेले व पुन्हा हाती घेतलेले एखादे काम प्रत्येकाने पाच वाक्यांत लिहावे.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने स्वतः वाचावीत. त्यांना गुण देऊ नयेत. ज्या मुलास लिहिण्याजोगे असे काम आठवणार नाही, त्यास त्या आठवड्यात तसे एखादे काम नेमून द्यावे व ते पुरे होईपर्यंत त्याच्या पाठीशी राहावे.