कारखान्याच्या गावी पाळकपण



यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत एकदा कुरकुर उत्पन्न झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी ती कुरकुर दडपून टाकिली नाही. त्यांनी मंडळीस सात जण निवडावयास सांगितले. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6). ज्यांची उपेक्षा झाली, त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या हाती कारभार सोपविण्यात आला. पुढारीपणाची रीत मंडळीच्या सेवेकरिता असते, हा ह्यातील धडा होय.

आपल्या महाराष्ट्रात हाच धडा रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी गिरविला. त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला व 1904 साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. ह्या भूमीत ख्रिस्ती पुढारी रुजावयाचा तर तो संतांच्या वाटेने आला पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांसही तेथे जागा होती. 1919 साली टिळक वारले; तथापि त्यांची भक्तिगीते मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात.

आता पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या भागाकडे पाहू. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे एकामागून एक कारखाने आले, आणि आपल्या गावांतील कित्येक कुटुंबे तिकडे कामास गेली. गावी रविवारी घंटा वाजली की सर्व जमतात व पाळक प्रत्येक घर ओळखतो. तेथे काम तीन पाळ्यांत चालते, पुष्कळ कारखान्यांस सुटी गुरुवारी असते, आणि शेजारी हिंदी किंवा तेलुगू बोलतो. तीन रविवार न दिसलेल्या तरुणास आपण 'थंड पडला' म्हणतो. परंतु त्या वेळी तो यंत्रापाशी उभा असतो. आजच्या काळी उपेक्षित राहिला आहे तो हाच.

ह्याकरिता तीन गोष्टी कराव्या.

1. सुटी गुरुवारी असेल तेथे गुरुवारीही उपासना ठेवावी.

2. पाळीवर जाणाऱ्या स्त्रीपुरुषांतूनच वडील निवडावे. कामगाराचा थकवा कामगारासच ठाऊक असतो.

3. गावचे कुटुंब तिकडे निघाले की उपदेशकाने तेथील पाळकास त्याचे नाव व पत्ता त्याच आठवड्यात कळवावा.

वेळ, जागा व रीत ही बदलावी. परंतु वचनाचे शिक्षण, आजाऱ्याची विचारपूस आणि मंडळीपुढे वाचलेला चोख हिशेब, ह्यांत कोठेही सूट नाही.

विचारार्थ प्रश्न: आपल्या मंडळीतून कामास गेलेले किती जण आज कोणाच्याच यादीत नाहीत? त्यांची नावे ह्या रविवारी लिहून काढावी.