पडद्यावरील धडा आणि बांधावरील कौशल्य : पापनाशमच्या भातशेतीतून ई-प्रशिक्षणाचा विचार

तंजावर–कुंभकोणम मार्गावरील पापनाशम हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातपट्ट्याचा भाग आहे. लगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथ मंदिराच्या आवारात नायक राजवटीतील विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. याच जिल्ह्यातील आडुतुरै येथे 1922 पासून भात संशोधनाचे कार्य चालत आले आहे. कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांच्या पट्ट्यात ज्ञानाचा तुटवडा नाही. प्रश्न आहे तो संशोधन केंद्रातील ज्ञान कृषी सहायकाच्या व शेतमजुराच्या हातापर्यंत पोहोचण्याचा.

आता हे काम मोठ्या प्रमाणावर मोबाइलवरील अभ्यासक्रमांकडे आले आहे. चित्रफीत पाहणे, चार पर्यायांतून उत्तर निवडणे आणि प्रमाणपत्र मिळवणे, एवढ्यावर असे प्रशिक्षण पुष्कळदा संपते. शेतात मात्र युरिया सवयीनेच पडत राहतो. नत्र अधिक झाल्यास पीक लोळते, करपा व तपकिरी तुडतुडे बळावतात आणि खर्चही वाया जातो. कमी पडल्यास फुटवे घटतात. अल्प कालावधीच्या कुरुवै पिकात चूक सुधारण्यास फारसा अवधी उरत नाही.

पडद्याची मर्यादा ओळखणे

पर्णरंग तक्त्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पुनर्लागवडीनंतर 14 व्या दिवसापासून फुलोरा सुरू होईपर्यंत दर आठवड्याला तक्त्याचे वाचन करावयाचे असते. यादृच्छिकपणे 10 चुडे निवडून प्रत्येकाचे सर्वांत वरचे पूर्ण उमललेले पान तक्त्याशी ताडून पाहावे लागते. दहांपैकी सहा किंवा अधिक पानांची छटा निर्णायक अंकाखाली असेल, तरच नत्राची मात्रा द्यावयाची. व्हाइट पोन्नी या वाणासाठी हा अंक 3, तर इतर वाणांसाठी 4 आहे.

यातील क्रम, वाणानुसार बदलणारा अंक आणि निर्णयाचा नियम पडद्यावर उत्तम शिकवता येतो. हिरवी छटा ओळखणे मात्र पडद्यावर शिकवता येत नाही. प्रत्येक मोबाइलची रंगछटा व प्रकाशमान निराळे असते आणि भर उन्हात तर पडदा धड दिसतही नाही. पानावर स्वतःच्या शरीराची सावली धरणे, प्रत्येक वाचन दिवसाच्या एकाच वेळी व शक्यतो एकाच व्यक्तीने करणे, या बाबी प्रत्यक्ष तक्ता हातात घेऊन बांधावरच अंगवळणी पडतात. म्हणून अभ्यासक्रम आखताना पहिला प्रश्न असा असावा : या कामाचा कोणता भाग समजून घ्यावयाचा आहे आणि कोणता हाताने व डोळ्याने साधावयाचा आहे?

शेतकऱ्याच्या मापात गणित

कुरुवै हंगामात तक्त्यानुसार एका वेळी हेक्टरी 35 किलो नत्राची शिफारस आहे. युरियात 46 टक्के नत्र असल्याने ही मात्रा हेक्टरी सुमारे 76 किलो, म्हणजेच एकरी सुमारे 31 किलो युरिया होते. परंतु तंजावर भागात शेत ‘मा’ या मापात सांगण्याचा प्रघात आहे आणि एक मा म्हणजे साधारण एक-तृतीयांश एकर. तेथील मजुराला ‘माला सुमारे 10 किलो’ हे उत्तर उपयोगी पडते. महाराष्ट्रात हेच गणित गुंठ्यात मांडावे लागेल : 20 गुंठ्यांना सुमारे साडेपंधरा किलो. धड्यातील सरावप्रश्न हेक्टरमध्ये राहिले, तर परीक्षेत गुण मिळतात, पण पाटीत खत चुकीचे पडते.

ओळखीचा आवाज, ओळखीचा चेहरा

तमिळनाडूतीलच तेनी जिल्ह्यात कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगच्या ‘लाइफलाँग लर्निंग फॉर फार्मर्स’ उपक्रमात शेळीपालक महिलांना मोबाइलवर छोटे ध्वनिसंदेश देण्यात आले. बँकेच्या कर्जातच शेळ्यांसोबत मोबाइलचाही समावेश होता, त्यामुळे शिकणे उपजीविकेशी बांधले गेले. वाचता न येणाऱ्या महिलेलाही हे संदेश ऐकता येत होते. कर्नाटकातील 16 गावांत ‘डिजिटल ग्रीन’च्या अभ्यासात स्थानिक शेतकऱ्यांवरच चित्रित केलेल्या फिती गावातील मध्यस्थाने थांबवून, प्रश्न विचारत दाखवल्या. त्या पद्धतीने काही सुधारित तंत्रांचा अवलंब रूढ विस्तार पद्धतीच्या तुलनेत सातपट झाल्याचे आढळले. यश केवळ चित्रफितीचे नव्हते. ती दाखवणारा माणूस आणि तीत दिसणारा ओळखीचा शेतकरी, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले.

वेळ आणि उजळणी

शिकलेले किती वेगाने विस्मरणात जाते, हे हर्मन एबिंगहाऊस यांनी 1885 मध्येच दाखवले होते. त्यावर अंतराअंतराने केलेली उजळणी हा परिणामकारक उपाय आहे. जूनमध्ये एकदाच दोन तासांचा धडा देण्यापेक्षा पुनर्लागवडीची तारीख नोंदवून घ्यावी आणि 13 व्या दिवशी पाच मिनिटांचा धडा, तर त्यानंतर दर आठवड्याला एकच प्रश्न पाठवावा : ‘आज दहांपैकी किती पाने निर्णायक अंकाखाली? मग खत द्यावे की थांबावे?’ उत्तर आठवून देण्याच्या या प्रयत्नातच शिकणे पक्के होते.

मूल्यमापन कशाचे?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले : प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. प्रमाणपत्रांची संख्या यातील दुसऱ्या स्तरापलीकडे जात नाही. पर्णरंग तक्त्याच्या बाबतीत तिसऱ्या स्तराची कसोटी सोपी आहे. दोन प्रशिक्षणार्थींनी त्याच 10 चुडांचे स्वतंत्रपणे वाचन करावे आणि दोघांचा निर्णय जुळतो का, ते पाहावे. चौथ्या स्तरासाठी हंगामाअखेर प्रति एकर युरियाचा वापर व उत्पादन यांची एकत्रित नोंद पुरेशी ठरते.

महाराष्ट्रासाठी बोध

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा परिसरात 1998 मध्ये सुमारे 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या संगणकांचा वापर प्रत्यक्षात मुख्यतः कारखान्याकडील उसाच्या नोंदींपुरता राहिला. पुढे तीच माहिती साध्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला. साधन निवडण्यापूर्वी काम पाहावे, हा त्यातील धडा.

कोकणातील लावणी असो वा विदर्भातील रोवणी, ई-प्रशिक्षणाची आखणी शेतातील एका नेमक्या निर्णयापासून सुरू व्हावी. तो निर्णय कोण घेतो, कोणत्या दिवशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मापात, एवढे आधी निश्चित केले, तर पडद्यावर काय ठेवावे आणि बांधावर काय करून घ्यावे, हे आपोआप स्पष्ट होते. प्रशिक्षणाची खरी परीक्षा खताची पाटी उचलण्याच्या क्षणी होते. त्या क्षणी योग्य प्रश्न आठवला, तर धडा पोहोचला असे म्हणता येईल.