गर्भाचे वय आणि सोनोग्राफीची मोजपट्टी

जन्माला न आलेल्या बाळाचे वय कसे सांगावयाचे? आईला शेवटच्या पाळीची तारीख आठवत असेल, तर तेथून २८० दिवस मोजून प्रसूतीचा अंदाज बांधतात. तारीख आठवत नसेल, तर मात्र बाळाचीच मापे घ्यावी लागतात.

सोनोग्राफीचे यंत्र आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडते आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपते. शरीराच्या मऊ भागांत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. समजा, प्रतिध्वनी १/१०,००० सेकंदात परत आला. म्हणजे ध्वनी जाऊन-येऊन १५४ मिलिमीटर गेला. अर्थात तो ७७ मिलिमीटर खोलीवरून परतला. धातूंतील दोष शोधण्याच्या यंत्राची ही युक्ती ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी वैद्यकात आणली. त्यांचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले.

पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. म्हणून डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी मोजली, की वय ५ ते ७ दिवस इकडेतिकडे, इतके बिनचूक कळते. शेवटच्या तीन महिन्यांत डोक्याची रुंदी, डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी अशी चार मापे घेतात. तरीही तीन आठवड्यांची चूक संभवते!

असे का व्हावे? सोळाव्या आठवड्यात डोक्याची रुंदी आठवड्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, छत्तिसाव्यात जेमतेम दीड-दोन. तेव्हा मापातला ३ मिलिमीटरचा फरक आधी एका आठवड्याचा असतो. पुढे तोच दीड-दोन आठवड्यांचा होतो. शिवाय तोवर कोणी आईबापांसारखे थोराड, तर कोणी चणीने लहान झालेले असते.

खरी अडचण पुढेच आहे. बाळ लहान दिसले, तर ते वयानेच कमी आहे, की वारेतून पोषण कमी मिळाल्याने खुरटले आहे? आकारावरून वय काढावयाचे आणि त्याच वयाला तो आकार योग्य ठरवावयाचा, हे गणित स्वतःभोवतीच फिरते. आणि खुरटलेले बाळ नजरेतून सुटते. म्हणूनच निरोगी गर्भाच्या वाढीचे जे तक्ते २०१४ साली ८ देशांतील अभ्यासातून तयार झाले (त्यांत आपले नागपूरही होते), त्यांसाठी प्रत्येक गर्भाचे वय सुरुवातीलाच पक्के केले होते.

अशा वेळी डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मापे घेतात. वयाने लहान असलेले बाळ आपल्या गतीने वाढतच असते. पोषण कमी पडलेल्या बाळाचे पोट मागे राहते. डोके मात्र बहुधा बरेच वाढलेले दिसते, कारण अपुऱ्या रक्तातला मोठा वाटा शरीर आधी मेंदूला देते.