परसबागेतील तुरे व गोंडे : शोभा आणि बियाणे

फुले सुकताच झाड उपटून टाकण्याची आपल्याकडे घाई असते. परंतु काही झाडांचे तुरे व गोंडे फुलांनंतरही अंगणाची शोभा वाढवितात आणि पुढील हंगामाचे बी त्यातूनच मिळते.

कोंबडा : तुऱ्याचा रंग वाळल्यावरही बराच काळ टिकतो. बी बारीक, काळे व चकचकीत असून ते तुऱ्याच्या खालच्या भागात असते. तुरा कागदावर झटकून बी काढावे. शोभेचे तुरे बी गळण्यापूर्वी दांड्यासह कापून सावलीत उलटे टांगावेत.

शेपू व बडीशेप : छत्रीसारखे गुच्छ तपकिरी होऊ लागताच सकाळी कापावेत. उन्हात कापल्यास बी गळते.

झेंडू : पूर्ण वाळलेल्या फुलातील काळे, सुईसारखे बी घ्यावे. संकरित वाणाचे बी धरू नये. पुढील पिढीत फुलांचा आकार व रंग एकसारखा राहत नाही.

कांदा : कोपऱ्यात राहिलेल्या कांद्याला डेंगळे येऊन पांढरे, चेंडूसारखे गोंडे लागतात. काही फळे फुटून आतील काळे बी दिसू लागले, की गोंडे थोड्या दांड्यासह काढावेत. सर्व गोंडे एकाच वेळी पक्व होत नाहीत, म्हणून काढणी दोन-तीन वेळा करावी. बी चांगले वाळवून हवाबंद बरणीत ठेवावे व पुढील हंगामातच वापरावे, कारण कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती लवकर कमी होते.

जालन्यात विशेष काळजी

जालना येथे १९६४ मध्ये श्री. बद्रिनारायण बारवाले यांनी महिको कंपनी स्थापन केली. तेव्हापासून बीजोत्पादन हा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा आधार झाला आहे. कांद्यात परपरागीकरण होते व परागकण मधमाश्या वाहून नेतात. म्हणूनच कांद्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर विलगीकरण अंतर ठरविलेले आहे. घराजवळ दुसऱ्या जातीचे चार गोंडे फुलले, तरी शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये भेसळ होऊन तो तपासणीत अपात्र ठरू शकतो. वर्षभराची मेहनत त्यात वाया जाते. अंगणातील सूर्यफुलाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

तरी जवळपास बीजोत्पादनाचा प्लॉट असल्यास आधी शेजाऱ्याला विचारावे. परसबागेतील डेंगळे कळी उमलण्यापूर्वीच मोडून घ्यावेत. कोवळ्या डेंगळ्यांची भाजी चांगली होते. अंगणाच्या शोभेसाठी कोंबडा आहेच.